ऐंशी किलोचा पेशंट

हेलिकॉप्टरवर नर्स व्हायचं म्हणजे काय करायचं, तर रोज सकाळी साडेसहाला वजनकाट्यावर उभं राहायचं. बूट, हेल्मेट, जाकीट, पाठीवरची औषधांची पिशवी, सगळ्या सरंजामासकट. सोळा वर्षं मी मुलांच्या वॉर्डात काम केलं. हजारो पोरांना काट्यावर बसवलं आणि त्यांच्या भोकाडाकडे दुर्लक्ष करून आकडा वाचला. आता माझी पाळी आली होती, आणि आकडा वाचणारा माझ्याइतका प्रेमळ नव्हता.

"ब्याऐंशी चारशे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "कालच्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. काय खाल्लं?"

"खाल्लं काही नाही सर. कालचा अपमान गिळला, तेवढंच."

त्याने वहीत तीनशे लिहिलं. विनोदासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

हा आमचा शिक्षक. वीस वर्षं हेलिकॉप्टरच्या मागच्या सीटवर बसून त्याने डोंगरातून माणसं आणली होती, आणि त्या वीस वर्षांत तो एकदाही हसला नाही असं मेकॅनिक शपथेवर सांगायचा. आम्ही त्याचं नाव काटा ठेवलं होतं. तो माणसांचं वजन करायचा, दोरांचं करायचा, ऑक्सिजनच्या नळकांड्यांचं करायचा, आणि एकदा तर त्याने माझ्या जेवणाच्या डब्याचं केलं. हेलिकॉप्टर लहान आहे, डोंगरात हवा विरळ असते, किलोकिलोचा हिशोब लागतो, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की मला स्वप्नात काकड्या दिसायला लागल्या.

शिकायला आम्ही चौघं आलो होतो. पहिला गडी अग्निशमन दलातला पैलवान, दंडावर गरुड गोंदलेला. हेलिकॉप्टर जमिनीपासून जेमतेम दोन हात वर उठलं आणि तो गरुडासकट पांढराफटक पडला. दुसऱ्याला पाळणा झेपला नाही. पाळणा म्हणजे पोहण्याच्या तलावावर टांगलेली पत्र्याची खोटी केबिन. त्यात तुम्हाला पट्ट्याने बांधतात, पाण्यात सोडतात आणि उलटं करतात. एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची, केबिन फिरायची थांबली की मगच पट्टा सोडायचा आणि बाहेर यायचं. असं चार वेळा, शेवटच्या वेळी डोळ्यांवर पट्टी. मी चारही वेळा बाहेर आले. त्यात धैर्याचा काही भाग नाही. नाकात पाणी गेलं की मला भयंकर राग येतो आणि रागाच्या भरात मी कुठूनही बाहेर पडते. तिसऱ्याचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या सासऱ्याने त्याला हेलिकॉप्टर हवं की मुलगी असं विचारलं. उरले मी एकटी, वय एकोणचाळीस.

पहिल्याच दिवशी काट्याने माझा स्टेथोस्कोप काढून घेतला. "घरी ठेवा. वर काही ऐकू येत नाही." खरंच येत नाही. छाती डोळ्यांनी बघायची, नाडी बोटांनी धरायची, ओठांचा रंग बघायचा आणि मशीन ओरडतंय का ते दिव्यावरून ओळखायचं. पेन दोरीने बांधायचं. केसांत पिन चालत नाही, गळ्यात काही चालत नाही, जे उडू शकतं ते सगळं खाली ठेवून यायचं. हेलिकॉप्टरकडे समोरून जायचं, तेही कॅप्टनने अंगठा दाखवल्यावर. शेपटीकडे कधीच नाही. "मागचा पंखा फिरताना दिसत नाही," काटा म्हणायचा. "ज्यांना सापडला, त्यांच्यापैकी कोणी येऊन वर्णन केलेलं नाही."

पण सगळ्यांत विचित्र नियम ऐंशीचा. फोन आला की कंट्रोल रूममधली बाई दोन चिठ्ठ्या लिहायची. पांढरी चिठ्ठी कॅप्टनची, त्यात ठिकाण, वारा आणि ढग. पिवळी आमची, त्यात पेशंट कोण, काय झालंय, श्वास कसा आहे. पिवळी चिठ्ठी कॅप्टनने बघायची नाही, त्याबद्दल विचारायचं नाही, आणि आम्ही सांगायचं नाही. त्याला पेशंटचं फक्त वजन सांगायचं, कारण त्याशिवाय त्याचा हिशोब होत नाही. आणि ते वजन कायम ऐंशी. म्हातारा असो, बाळंतीण असो, तीन किलोचं बाळ असो, ऐंशी. कोणी त्याहून जड असेल तरच खरा आकडा.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

"वीस किलो म्हटलं की त्याला कळतं, लहान मूल आहे," काटा म्हणाला. "मग त्याला ढग कमी दिसतात."

मी नाक मुरडलं. वा! पोराला आणायला निघालेल्या माणसाला पोर आहे हेच सांगायचं नाही. उद्या सर्जनच्या डोळ्यांवरही पट्टी बांधा, म्हणजे त्याचा हात थरथरायला नको. हे सगळं मी मनात म्हणाले, कारण काट्याला तोंडावर काही म्हटलं की तो पिशवी पुन्हा भरायला लावायचा.

घरी ही हकीकत सांगितली आणि पस्तावले. माझा नवरा रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स चालवतो. हेलिकॉप्टर निघालं तरी खालून ॲम्ब्युलन्स निघतेच, असा नियम आहे. म्हणजे तो घाटाची वळणं घेत घेत निम्म्या वाटेवर पोचावा आणि वरून आम्ही भुर्रकन जावं, असं हमखास व्हायचं. तो काच खाली करून हात हलवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन "या, वरून जाणारे लोक या," असं स्वागत करायचा. ऐंशीचा नियम ऐकून तो ठसका लागेपर्यंत हसला. त्यानंतर घरात सगळ्याच गोष्टींचं वजन ऐंशी झालं. बटाटे ऐंशी, धुण्याची बादली ऐंशी. सासूबाईंनी एकदा डॉक्टरांना स्वतःचं वजन ऐंशी सांगून त्यांना घाबरवलं.

"पण मला सांग, तुला या वयात उडायचंय कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"खालून जाऊन जाऊन कंटाळा आला, आई," मी म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. खिंडीपलीकडच्या वस्त्यांमधून आमच्या वॉर्डात मुलं यायची ती अडीच-तीन तासांचा घाट उतरून. कितीतरी येता येताच संपलेली असायची. मग डॉक्टर हातमोजे काढायचे आणि आईबापांकडे न बघता म्हणायचे, "तासभर आधी आणलं असतं तर." सोळा वर्षं मी हे एकच वाक्य ऐकलं. मला ते आणखी ऐकायचं नव्हतं. म्हणून मी अर्ज केला. आमच्या मोठ्या सिस्टरांनी निरोप देताना तोंडभर हसून सांगितलं, "जा बाई, उडून ये. तुझं कपाट मी रिकामं करत नाही. परत आलीस की लागेलच." परीक्षेच्या दोन संधी होत्या. दोन्ही हुकल्या की परत ते कपाट, परत ते वाक्य.

पहिली परीक्षा पाचव्या महिन्यात झाली. परीक्षा म्हणजे खराखुरा फोन, खराखुरा पेशंट. सगळं मी करायचं, काट्याने वही घेऊन मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तोंड न उघडणं त्याला अर्थातच जड गेलं नाही.

पिवळ्या चिठ्ठीत लिहिलं होतं: खिंडीपलीकडची वस्ती, मुलगी, पाच वर्षं, जिन्यावरून पडली, डोक्याला मार, उलट्या, गुंगी येतेय. वजन अठरा. मी कॅप्टनला शहाण्यासारखं "ऐंशी" सांगितलं. कॅप्टन बोलायला महाकंजूष माणूस. त्याच्या मनगटावर कायम केसांना बांधायचा एक गुलाबी रबर असायचा आणि निघण्याआधी काटा त्याला तो काढायला लावायचा. घरून येताना तो मुलीची वेणी घालून येतो, एवढं एकच गुपित तळावर सगळ्यांना माहीत होतं.

हेल्मेटच्या आत बोलायच्या दोन लाइन असतात. एक उघडी, सगळ्यांना ऐकू जाणारी. बटण फिरवलं की दुसरी, तिच्यावर फक्त मी, काटा आणि हॉस्पिटलमधले डॉक्टर. उड्डाण सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. डॉक्टर लाइनवर आले आणि त्यांनी विचारलं, "वजन?"

आता हे मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. लहान मुलांची औषधं वजनावर मोजतात. डॉक्टर मुलाचं नाव विचारत नाहीत, बापाचं विचारत नाहीत, आधी विचारतात वजन. आणि नर्सने आकडा फेकायचा असतो, झोपेतून उठवलं तरी. सोळा वर्षांत मी किती हजार वेळा तो फेकला असेन. माझा हात बटणाकडे निघाला होता, पण जीभ आधी पोचली.

"अठरा."

उघड्या लाइनवर.

मला कॅप्टनची फक्त मान दिसत होती, आणि मानेने काहीच केलं नाही.

खिंडीच्या पलीकडे विजेचे तीन मनोरे आहेत. तिन्ही दिसले तर पुढे जायचं, दोनच दिसले तर घरी. हा नियम शाळेतलं पोरही पाळेल इतका सोपा आहे. आम्ही खिंडीपाशी आलो तेव्हा दोन दिसत होते.

"थोडं पुढे बघतो," कॅप्टन म्हणाला.

मग एक दिसला. मग तोही गेला आणि खिडक्यांबाहेर सगळं पांढरं झालं. काट्याने पुढे वाकून कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला, पण आता आत वळायलाही जागा नव्हती. चाळीस सेकंद. मी मोजले नाहीत, ते नंतर मशीनने सांगितलं. मग एकदम ऊन दिसलं, खाली वस्ती, शाळेचं मैदान, हात हलवणारी माणसं.

पुढचं सगळं मी नीट केलं. मुलीच्या डोक्यात रक्तस्राव होत होता. तिला घेतलं, तोवर मोकळ्या झालेल्या लांबच्या बाजूने वळसा घालून आणलं, थेट ऑपरेशनला पाठवलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, हातमोजे काढले आणि म्हणाले, "वेळेत आणलंत." सोळा वर्षांत पहिल्यांदा. मी तरंगतच तळावर परत आले. काटा वही उघडून बसला होता. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, नापास.

"सर, पोरगी वाचली!"

"हो."

"वेळेत आली!"

"हो."

"मग नापास कशी? मेली असती तर पास केलं असतं का?"

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. हेलिकॉप्टरमधल्या मशीनने काढलेली रेघ होती. "ही आपली वाट. हा डावीकडचा डोंगर. मधलं अंतर अकरा मीटर. पंख्याचं टोक आपल्या सीटपासून साडेपाच मीटर. करा वजाबाकी."

मी वजाबाकी केली आणि तरतरा निघून गेले. घरी जाऊन दाणदाण भांडी आपटली. काट्याच्या नावाने बोटं मोडून झाली, मग ऐंशीच्या नियमाच्या, मग तो शोधून काढणाऱ्या बिनडोक माणसाच्या. त्यानंतर मला काय सुचलं कोण जाणे, मी शिवणाच्या पेटीतली टेप काढली. नवऱ्याने न विचारता दुसरं टोक धरलं. आमच्या शेगडीपासून बाहेरच्या फाटकापर्यंत बरोबर अकरा मीटर भरतात. सासूबाई मध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्या खुर्चीपर्यंत साडेपाच. मी त्या अंतराकडे बघत उभी राहिले. नवऱ्याने टेप गुंडाळली. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही, आणि त्याची मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कळलं की कॅप्टनने स्वतःच लिहून दिलं होतं: वजन ऐकलं. फिरायला हवं होतं, फिरलो नाही. त्याला दीड महिना उड्डाण बंद. मी माफी मागायला गेले तेव्हा तो गोदामात बसून दोर तपासत होता, मनगटावर गुलाबी रबर.

"कॅप्टन, माझ्यामुळे झालं."

"सिस्टर, माझी सतरा किलोची आहे," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने दोर ओढून बघितला. "ऐकलं नसतं तर दोनच मनोरे दिसले तेव्हाच फिरलो असतो."

"मग ती मुलगी गेली असती."

"गेली असती. म्हणून तर मला माहीत नको. माहीत झालं की मी जातो." त्याने दुसरा दोर उचलला. "आणि मागे तुम्ही बसलेल्या असता."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

पुढचा दीड महिना काट्याने माझा पिच्छा पुरवला. व्हरांड्यात, जिन्यात, चहाचा कप तोंडाला लावलेला असताना तो मागून ओरडायचा, "वजन?" आणि मी म्हणायचं, "ऐंशी." डॉक्टरांसाठीचं खरं वजन विचारायचं असेल तर तो "डॉक्टर, वजन" म्हणायचा आणि मी आधी हवेतलं बटण फिरवायचं, मग आकडा बोलायचा. हवेत बटणं फिरवणारी बाई म्हणून मी तळावर प्रसिद्ध झाले. पाळण्यात उलटं टांगून, नाकातोंडात पाणी गेलेलं असताना मी वर आले, तर काठावर हा उभा. "वजन?" घरी नवऱ्याने हे व्रत आनंदाने उचललं. मी भाजी चिरत असले की मागून, "वजन?" "ऐंशी!" "शाब्बास, आता मीठ घाल."

कॅप्टन परत आला त्याच आठवड्यात माझी दुसरी परीक्षा लागली. शेवटची. मोठ्या सिस्टरांनी कपाट पुसून ठेवलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

फोन सकाळी दहाला आला. पिवळ्या चिठ्ठीत होतं: खिंडीपलीकडची वस्ती. मुलगी, सात वर्षं. लोखंडी फाटक अंगावर पडलं. मांडीचं हाड मोडलंय, पोट दुखतंय, चेहरा पांढरा पडत चाललाय. बावीस किलो. मी चिठ्ठीची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली आणि वरून चेन लावली.

"वजन?" कॅप्टनने विचारलं.

"ऐंशी."

त्याने गुलाबी रबर काढून काट्याच्या हातात दिला आणि आम्ही निघालो. डॉक्टर लाइनवर आले. "वजन?" माझा हात आधी बटणावर गेला, बटण फिरलं, मग मी बोलले, "बावीस." मागे काट्याचं पेन वहीवर खरखरलं. आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला तो आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. परीक्षा संपली, असं मला वाटलं होतं.

खिंडीपाशी कॅप्टन म्हणाला, "दोन दिसतायत."

मीही बघितले. दोनच. तिसऱ्याच्या जागी नुसता कापूस, आणि लांबच्या वळशाच्या बाजूलाही तोच.

"परत फिरतोय. मागून काही?"

हे तो दरवेळी विचारायचा. मागच्यांना एखादी तार दिसली, पक्षी दिसला, तर सांगायला. आणि माझ्या तोंडात शब्द तयार होते. विनवण्या करायची गरज नव्हती. नुसता आकडा पुरला असता. बावीस म्हटलं असतं की तो गेला असता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. कदाचित पलीकडे ऊन असेल. मागच्या खेपेला होतंच की. एक मुलगी तिकडे पांढरी पडत चालली होती आणि मी तिच्यापासून सहा मिनिटांवर होते. आयुष्यात कुठलीही गोष्ट बोलावीशी मला इतकी वाटलेली नाही. पण समोर ती मान होती, त्या मानेच्या घरी सतरा किलोची एक होती, आणि आमच्या घरात शेगडीपासून फाटकापर्यंत अकरा मीटर होते.

"काही नाही," मी म्हणाले.

हेलिकॉप्टर वळलं. खाली घाटात एक पांढरी ॲम्ब्युलन्स निळा दिवा लावून वर चढत होती. त्या दिवशी वरच्या रस्त्यावर नवऱ्याचीच पाळी होती. आज आम्ही खाली निघालो होतो आणि तो वर. त्याने हात हलवला की नाही, ते इतक्या वरून दिसलं नाही.

तळावर उतरलो. पंखा थांबला. कॅप्टनने हेल्मेट काढलं, पाणी प्यायला, आणि मग इतक्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सिस्टर, किती होतं?"

पंखा थांबल्यावर विचारायला बंदी नाही. सांगायलाही नाही. पण आज कळलं तर पुढच्या खेपेला ऐंशी ऐकून हा माणूस त्यात बावीस शोधत बसणार.

"ऐंशी," मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडाला खोटं बोलता येत नाही, असं नवरा म्हणतो. "बरं," कॅप्टन म्हणाला. मग त्याने माझी औषधांची पिशवी उचलली आणि गोदामाकडे चालू लागला. पिशव्या उचलणं हे कॅप्टन लोकांच्या तत्त्वात बसत नाही, तेव्हा मी नुसती बघत राहिले.

काट्याने माझ्यासमोर वहीत लिहिलं, पास. त्यात टाळ्या नाहीत, हस्तांदोलन नाही. "उद्या साडेसहा," एवढंच.

"सर, आता तरी हसा की."

"ती पोचू दे," तो म्हणाला.

मग आम्ही वाट बघितली. म्हणजे मी बघितली. चहाच्या खोलीत एका बाकावर मी, समोरच्या बाकावर कॅप्टन हवामानाचा कागद वाचत. त्याने एकच कागद पाच तास वाचला. मी पास झाले होते आणि फोनकडे बघत बसले होते. ती गेली तर कोणीतरी हातमोजे काढणार आणि म्हणणार, तासभर आधी आणलं असतं तर. आणि या वेळी न आणणारी मी असणार. माझ्या "काही नाही"ने मेली असं मी जन्मभर म्हणणार, आणि ते कोणाला सांगताही येणार नाही.

चारला फोन वाजला. नवरा.

"पोचलो गं."

"हं," मी म्हणाले. समोर कॅप्टन बसलेला, मी विचारणार तरी काय?

"पोट तपासलं, आत काही फुटलेलं नाही. आता मांडीच्या ऑपरेशनला नेतायत. वाचली म्हण." पलीकडे गडबड ऐकू येत होती. "बरं केलंत फिरलात. खिंडीत मला माझ्या गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. आमचा ब्रदर उतरून टॉर्च घेऊन पुढे चालत होता."

"हं."

"पोरगी सारखी विचारत होती, हेलिकॉप्टर का नाही आलं, हेलिकॉप्टर का नाही आलं. रडून रडून जीव खाल्लान."

"मग?"

"मग काय, सांगितलं, आलं होतं पण तू फार जड आहेस. ऐंशी किलो. त्यांना उचलेना."

"काय?"

"अशी भडकली म्हणतेस! दुखायचं विसरली. घाट उतरेपर्यंत भांडली माझ्याशी. थांब, ऐक, अजून भांडतेय."

तिकडे कोणा नर्सने ऑपरेशनच्या दाराशी विचारलं असणार, आम्ही सगळ्या विचारतो तेच. कारण एक चिरका, संतापलेला, ठणठणीत आवाज माझ्या जुनाट फोनमधून सगळ्या खोलीत फुटला.

"बावी..."

मी फोनवर तळहात दाबला, कानाशी घट्ट धरला आणि धडपडत बाहेर पळाले. हेलिकॉप्टर उभं असतं त्या गोलाच्या मधोमध जाऊन थांबले. "बावीस! बावीस किलो! हे काका खोटं बोलतात!" ती ओरडत होती, आणि मी तिथे वाऱ्यात उभी राहून हमसून हमसून रडले. मग दार लागल्याचा आवाज आला आणि ती आत गेली.

काटा गोदामाच्या दारात नळकांडी तोलत बसला होता. "सर, पोचली," मी म्हणाले. त्याने मान खाली घातली आणि तो हसला. मेकॅनिकला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल.

तोंड धुऊन मी खोलीत परत आले. कॅप्टनने कागदावरून डोळे वर केले.

"कोणाचा फोन?"

"घरून."

"सगळं ठीक?"

"हो कॅप्टन. सगळं ठीक आहे."

मग त्याने आपला थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. दोन चमचे साखर होती, उद्या सकाळी काट्यावर दिसली असती. मी तो सगळा प्यायले.